घोडागाड्यांच्या शर्यतीला प्रेक्षकांनी कुत्रे आणावेत का? नियम लिहिण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार,

अलिबाग तालुक्यातील आमच्या किनारी गावात पुळणीवर घोडागाड्यांच्या शर्यती होतात. त्यांच्या नियोजन समितीत मी गेली काही वर्षे काम करत आहे. प्रेक्षकांनी सोबत आणलेल्या कुत्र्यांविषयीचा नियम येत्या बैठकीपूर्वी लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि दोन वेळा लिहून मी तो फाडला आहे.

कारण गेल्या वर्षीचे आहे. दुसऱ्या फेरीत एका पर्यटक कुटुंबाचा बीगल जातीचा कुत्रा पट्ट्यातून निसटून धावत्या गाडीच्या मागे लागला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला एरवी सभोवतालचे जवळजवळ ३५० अंशांतले दिसते. शेपटीच्या थेट मागचे आणि कपाळाच्या अगदी पुढचे तेवढे दिसत नाही. परंतु गाडीच्या घोड्याला आपण झापडे बांधतो, म्हणजे बाजूची आणि मागची उरलीसुरली नजरही आपणच काढून घेतो. त्यामुळे त्या घोड्याला कुत्रा दिसलाच नाही, पायांजवळ भुंकणे तेवढे ऐकू आले, आणि तो बुजून वरच्या कोरड्या वाळूकडे वळला. तिथे चाक रुतले, गाडीवान पडून त्याचे मनगट मोडले आणि घोडा सुटलेल्या लगामानिशी सुरूच्या बनात शिरला. कुत्र्याला दुगाणी बसली नाही हे त्याचे नशीब. ‘आमचा कोणाला काही करत नाही,’ असे त्याचे मालक सांगत होते. ते खरेही असेल, पण घोड्याला ते कोणी सांगायचे?

या प्रकारानंतर समितीतील बहुतेकांचे मत सरसकट बंदीकडे झुकले आहे. माझी अडचण अशी की पुळणीला फाटक नसते. मांडव्याला बोटीतून उतरलेली माणसे कुत्र्यासह थेट किनाऱ्यावर येतात, आणि बंदीची पाटी वाचली की त्यांतील काहीजण कुत्र्याला मोटारगाडीत बंद करून शर्यत पाहायला जातील. यंदाची तारीख नवमीला आली आहे आणि आपल्याकडे अष्टमी-नवमीला ओहोटी भर दुपारी असते. बाहेर ३२ अंश असताना बंद गाडीत अर्ध्या तासात पारा पन्नाशीला पोहोचतो. घोड्याला वाचवण्यासाठी केलेल्या नियमाने कुत्रा मरावा, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्टही त्या तिथीचीच आहे. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप आत जाते आणि घट्ट ओल्या वाळूचा रुंद पट्टा मोकळा होतो. नवमीला भांग म्हणजे लहान भरती-ओहोटी असते आणि पाणी तेवढे हटत नाही, त्यामुळे गाड्या आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर यंदा आपोआप कमी होणार आहे.

परदेशातील रीत पाहिली. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या स्पर्धांत कुत्रा पट्ट्याने माणसाच्या हाती किंवा एखाद्या स्थिर वस्तूला बांधलेला असावा लागतो. इंग्लंडमधील बॅडमिंटन येथे (बॅडमिंटनचा खेळ ज्या वाड्याच्या नावाने ओळखला जातो तेच हे ठिकाण) १९४९ पासून घोड्यांच्या मोठ्या स्पर्धा होतात आणि तिथेही प्रेक्षक पट्ट्याला बांधलेले कुत्रे घेऊन फिरतात. मात्र तिथे दोरखंड, स्वयंसेवक आणि कुत्र्यांना सवय असलेले घोडे असतात. आमच्याकडे बांबू आणि सुतळी आहे.

तेव्हा विचारायचे ते असे, की पट्ट्याची सक्ती करून कुत्र्यांना येऊ द्यावे की नाही, आणि द्यायचे तर धावेपासून, म्हणजे गाड्या पळतात त्या वाटेपासून, किती लांब?

प्रतिसाद

मी स्वतः किनाऱ्यावर घोडे चालवतो, म्हणून थोडे अनुभवाचे लिहितो. गावातील कुत्र्यांना आमचे घोडे बुजत नाहीत. मासळी वाळते तिथली कुत्री रोज त्यांच्या पायांतून जातात. बुजतात ते अनोळखी आणि अचानक आलेल्या कुत्र्याला. आपण सर्व लक्ष धावेवर देत आहात, परंतु माझ्या मते खरा धोका घोडे जुंपतात त्या जागी आणि शेवटच्या रेषेपलीकडे असतो, जिथे दमलेला घोडा अजून थांबलेला नसतो आणि मोबाईल घेऊन लोक पुढे धावतात. तेथे कोणाचाही कुत्रा नको, मग तो बांधलेला का असेना. शिवाय लांबत जाणारा गुंडाळीचा पट्टा चालणार नाही असे स्पष्ट लिहा. तो हातात असूनही कुत्रा पाच मीटर पुढे असतो.

प्रतिसाद

कायद्याची बाजू सांगतो. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. हे कलम घोडेवाल्यालाही लागू आहे, याची आठवण समितीत करून द्यावी. पाटीवर रेबीजच्या लसीचा दाखला सोबत ठेवण्याची अट घाला. पिसाळलेला कुत्रा घोड्याला चावला तर घोड्यालाही रेबीज होऊ शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर हाती काही उरत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही आभार. जुंपणीच्या जागेचा विचार माझ्याकडून सुटलाच होता. आता मसुदा असा करत आहे: जुंपणीची जागा, धाव आणि शेवटच्या रेषेपलीकडील पट्टा येथे कुत्र्यांना पूर्ण मनाई, सुरूच्या बनातील सावलीत, आखूड पट्ट्याला आणि मोठ्या माणसाच्या हाती असलेला, लसीचा दाखला असलेला कुत्रा चालेल, तिथे पाण्याची पिंपे आम्ही ठेवू. बंद गाडीत कुत्रा आढळल्यास मालकाला ध्वनिक्षेपकावरून बोलावले जाईल. बनातून शर्यत नीट दिसत नाही अशी तक्रार येईल, ती मी ऐकून घेईन.

एवढेच विचारायचे राहिले: सुटलेला कुत्रा दिसताच फेरी थांबवण्याचा इशारा कसा द्यावा? शिट्टी वाजवली तर घोडे आणखी उधळतील अशी भीती वाटते, आणि लाल निशाण धावत्या गाडीवानाला वेळेत दिसेल याची मला खात्री नाही. ज्यांनी गाडी हाकली आहे त्यांनी कृपया सांगावे.