नागपुरात घर विकताना : आपले अनुभव येथे लिहावेत

आईवडिलांचे प्रतापनगरातील घर विकण्याचा विचार आमच्या कुटुंबात सुरू आहे. घर घेणाऱ्याने काय पाहावे, यावर भरपूर लिहिले जाते, पण विकणाऱ्याने काय सांभाळावे हे सविस्तर कोणी सांगत नाही. शिवाय आपल्या शहरात नझूल (सरकारी मालकीची शहरी जमीन), नासुप्रचा म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासाचा भाडेपट्टा, आरएल (भूखंड नियमित झाल्याचे पत्र) झालेले भूखंड आणि अपार्टमेंट असे मालकीचे अनेक प्रकार एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे पुण्यामुंबईचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ज्यांनी घर विकले आहे त्यांनी व्यवहार कुठे अडला आणि कशाने सुटला, हे कृपया आपल्या वस्तीच्या नावाने लिहावे. भाव किती आला हे सांगण्याची गरज नाही.

मानेवाडा

आमचे घर जुन्या खासगी लेआऊटमध्ये होते. विकायचे ठरल्यावर वडिलांनी दलालाच्या आधी वकिलांना बोलावले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘आरएल आहे का?’ गुंठेवारी (परवानगीविना लहान तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरील) विकास नियमित करण्याचा कायदा २००१ साली आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने मुदत वाढून तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाला, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. मात्र आपल्या भूखंडाची डिमांड (नियमितीकरणाचे शुल्क) भरली गेली आहे का, आरएलच्या पत्रावरील क्षेत्रफळ विक्रीपत्राशी जुळते का, वरचा मजला मंजूर नकाशात आहे का, हे विकायची वेळ येईपर्यंत कोणी तपासत नाही. आज घर घेणारा बहुधा कर्ज काढूनच घेतो, आणि त्याच्या बँकेच्या वकिलाला कागद अपुरा वाटला तर ग्राहकाला घर कितीही आवडले तरी व्यवहार तिथेच थांबतो. मग उरतो तो रोखीने घेणारा, आणि तो भाव पाडूनच मागतो. वडिलांनी कागद पूर्ण होईपर्यंत घर बाजारात आणलेच नाही. उशीर झाला, पण आलेल्या ग्राहकाला सवलत मागण्यासाठी कारण उरले नाही.

धरमपेठ

नासुप्रच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडावरील घराबाबत एवढेच सांगते की प्रन्यासाची परवानगी आणि भाडेपट्ट्याचे नूतनीकरण यांना लागणारा वेळ इसारपत्रातील (सौदा ठरल्याच्या करारातील) मुदतीत आधीच धरावा, आणि त्याचे शुल्क कोण भरणार हेही त्यात लिहून घ्यावे. आमच्या शेजाऱ्यांकडे हा मुद्दा तोंडी ठरला होता आणि रजिस्ट्रीच्या आधल्या संध्याकाळी त्यावरून मोठा वाद झाला.

महाल

आमचा वाडा आजोबांच्या नावावर होता. आखीव पत्रिकेवरही, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवरही, त्यांचेच नाव होते. मोठ्या काकांचे म्हणणे असे की आत्यांची लग्ने होऊन जमाना झाला, त्यांना कशाला विचारायचे? मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून ठरलेले आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्मतः हक्क मिळाला. माझ्या आईने हे काकांना शांतपणे समजावले आणि ती स्वतः दोन्ही आत्यांकडे गेली. थोरल्या आत्यांनी हक्कसोडपत्र नोंदवून दिले. धाकट्या आत्यांना वाटा हवा होता, आणि तो मागण्यात काहीही गैर नव्हते. विक्रीपत्रात त्या विकणारांपैकी एक म्हणून आल्या आणि त्यांची रक्कम थेट त्यांच्या खात्यात गेली. वारस नोंद आणि फेरफार पूर्ण झाल्यावरच आम्ही ग्राहकांना वाडा दाखवू लागलो. बहिणीला डावलून केलेला सौदा नंतर न्यायालयात अडकतो, हे तर आहेच, पण त्याआधी तो अन्याय आहे, आणि आपल्याकडे हे पुरेसे बोलले जात नाही.

त्रिमूर्तीनगर

कराविषयी लिहितो. २३ जुलै २०२४ पासून घराच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि त्यात महागाई निर्देशांकाचा लाभ (खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरणे) नाही. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्यायही आहे, म्हणून दोन्ही हिशेब करून पाहावेत. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्यास त्या दिवशीचे मूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते, पण ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा (मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी मूल्यापेक्षा) अधिक धरता येत नाही. मूल्यांकनाचा अहवाल सौद्याच्या आधीच घेऊन ठेवावा. विक्रीची किंमत सरकारी मूल्यापेक्षा बरीच कमी दाखवली, म्हणजे फरक दहा टक्क्यांच्या पलीकडे गेला, तर कर सरकारी मूल्यावरच मोजला जातो. कर वाचवण्यासाठी नफा दुसऱ्या घरात गुंतवायचा असेल तर विक्रीनंतर दोन वर्षांत खरेदी किंवा तीन वर्षांत बांधकाम व्हावे लागते.

मनीषनगर

वरील प्रतिसादाला जोडून : विकणारांपैकी कोणी परदेशात स्थायिक असेल, तर ५० लाख वा त्याहून अधिक किमतीच्या घराच्या रकमेतून खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरायचा, हा नियम त्याच्या वाट्याला लागू होत नाही. त्याच्या रकमेतून कितीतरी अधिक कर कापला जातो, म्हणून कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र त्याने आयकर विभागाकडून आधीच मिळवावे. माझ्या भावाने ते घेतले आणि त्याचा पैसा परताव्यात अडकून पडला नाही. रोख रकमेबाबत कोणी आग्रह केला तर स्पष्ट नकार द्यावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

अंबाझरी परिसर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा आमच्याही तळमजल्यात ते आले होते. नंतर घर विकायला काढले, तेव्हा मध्यस्थाने नवा रंग देऊन विषय न काढण्याचा सल्ला दिला. यजमानांनी तो मानला नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार सहज लक्षात न येणारा महत्त्वाचा दोष खरेदीदाराला सांगणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, पण कायदा नसता तरी आम्ही ते सांगितलेच असते, कारण त्या घरात उद्या कोणाची तरी लहान मुले झोपणार होती. पाणी कुठपर्यंत आले होते आणि नंतर वायरिंग कुठे उंचावर घेतले, हे आम्ही प्रत्येकाला दाखवले. काही जण परत आले नाहीत. ज्यांनी घर घेतले त्यांनी घासाघीस केली, पण आजही त्यांचे आमचे येणेजाणे आहे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आमचे प्रतापनगरचे घर कर्जमुक्त आहे, परंतु मूळ कागदपत्रे अजून बँकेतच आहेत. ती आधी आणावीत की ग्राहक ठरल्यावर?

मानेवाडा

आधीच आणावीत. संपूर्ण कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि बोजा उतरवणे बँकांना १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. बँकेमुळे विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. कागद हाती घेताना यादीप्रमाणे प्रत्येक पान मोजून घ्यावे आणि निबंधक कार्यालयात बोजाची नोंद शिल्लक नाही ना, हेही त्याच आठवड्यात पाहून घ्यावे.