गोलकीपर बाहेरून आणायचा का आपलाच पोरगा उभा करायचा? (सोलापूर, हॉकी)

लेफ्टइन_सोलापूर:
मंडळी, मनापासून सल्ला पाहिजे. सीझन संपला, आता पाऊस उघडेपर्यंत मैदानावर नुसता चिखल, आणि ह्या मधल्या दोन-तीन महिन्यांत क्लबला गोलकीपरचा निर्णय घ्यायचाय. आमचे कीपर अण्णा, वय 38, पंधरा वर्षं एकट्यानं गोल सांभाळलाय, यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी तसेच प्रॅक्टिसला येतात. पण गेल्या सेमीफायनलला शूटआउटमधे (बरोबरी झाली की एकेक जण एकट्या कीपरवर बॉल घेऊन येतो ते) गुडघ्यानं दगा दिला, पुढे आले आणि वळताच आलं नाही, समोरच्यानं शेजारून बॉल नेऊन आरामात गोल मारला. मी हाफलाइनवर उभा होतो, अण्णा उठेनात तेव्हा पोटात कालवलं. दुसरा कीपर 17 वर्षांचा पोरगा, रिफ्लेक्स जबरदस्त पण पूर्ण मॅच एकही खेळलेला नाही. कमिटीतले काहीजण म्हणतात टूर्नामेंटपुरता बाहेरून कीपर आणू, येणंजाणं, राहणं, मानधन धरून 40000. शिल्लक तेवढीच आहे. काय करावं?

उजवा_बॅक:
बाहेरूनच आणा. मी बॅकला खेळतो म्हणून सांगतो, मागे कीपर कच्चा असला की आपण पण घाबरून खेळतो, उगाच टॅकल मारायला जातो आणि डी मधे, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, पी.सी. (पेनल्टी कॉर्नर) देऊन बसतो. पोराला अजून दोन वर्षं बेंचवर शिकू द्या. फार तर असं करा, पोराला खेळवा आणि पी.सी. मिळाली की अण्णांना आत घ्या.

जुना_कीपर_63:
ते जमणार नाही भाऊ. पी.सी. दिली की ती संपेपर्यंत बदली करता येत नाही, बचाव करणाऱ्यांचा कीपर जखमी झाला किंवा कार्ड मिळून बाहेर गेला तरच सूट आहे. त्यामुळे जो गोलात आहे त्यालाच ती पी.सी. खेळावी लागणार.

पण दोघांना वाटून खेळवायची कल्पना चांगलीय, फक्त क्वार्टरप्रमाणे. भारताचे कीपर श्रीजेश आणि कृष्ण पाठक असेच आलटून पालटून खेळायचे, हांगझोऊ एशियन गेम्सला सगळ्यांनी बघितलंय. म्हणूनच श्रीजेश 2024 ला पॅरिसचं ब्राँझ घेऊन थांबला तेव्हा टीम उघडी पडली नाही, पुढच्याच महिन्यात पाठक आणि सूरज करकेरा ह्या दोघांना घेऊन एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. आणि 2023 च्या वर्ल्डकपला न्यूझीलंडबरोबरच्या शूटआउटमधे श्रीजेशला लागलं तेव्हा पाठकच आत आला होता. हरलो ती मॅच, पण गोलात उभा राहायला तयार माणूस होता. तुमच्याकडे सेमीफायनलला अण्णांच्या मागे कोण होतं? पोरगा होता ना बेंचवर? मग का नाही घातला?

लेफ्टइन_सोलापूर:
किट एकच आहे हो. अण्णांच्या अंगावरचं उतरवून पोराच्या अंगावर चढवेपर्यंत अंपायर थांबतोय होय. आणि ते पण अण्णांच्या मापाचं, पॅड त्याच्या गुडघ्याच्या वर चार बोटं येतं, खाली बसला की मांडीत रुततं. डाव्या किकरचा (बुटावर चढवायचं कीपरचं जाड कव्हर) तळ मुरमानं फाटलाय, सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून चालवलंय. पट्टे दोनदा कोंतम चौकातून शिवून आणले.

जुना_कीपर_63:
मग तुमचा प्रश्न कीपरचा नाहीच, किटचा आहे! 40000 बाहेरच्याला देऊन तो टूर्नामेंट संपली की एसटीत बसून जाणार, किट पाच वर्षं इथंच राहील. पोराच्या मापाचं घ्या. पावसाचे दिवस वाया घालवू नका, एखादा हॉल बघा, भिंतीवर टेनिसबॉल मारून रिबाउंड घेऊ दे. पाऊस उघडला की शूटआउटच घ्या रोज, 23 मीटरवरून 8 सेकंद, अण्णांना गोलामागे उभं करून. मॅचमधे पहिले दोन क्वार्टर अण्णा, मग पोरगा. शूटआउटला पाच पोरं आणि कीपर वेगळा ठरवून द्यायचा असतो, तिथं थेट पोराचं नाव द्या, अण्णांचा गुडघा वाचेल.

पूर्वभागवाला:
काय करलालेत बे हे कमिटीवाले! अण्णा मागून "एडम, एडम, कुडी" (डावीकडे, डावीकडे, उजवीकडे) ओरडतात तेलुगूत, आपल्या बॅकला कळतं आणि समोरच्या फॉरवर्डला कायच कळत नाही, बाहेरचा कीपर हे कुठून आणणार? तो पोरगा अण्णांबरोबर राहून तसाच ओरडतो, मी स्वतः ऐकलंय, आवाज अजून बारीक आहे पण वेळेवर ओरडतो. त्यालाच उभा करा.

उजवा_बॅक:
हे ओरडण्याचं माझ्या डोक्यात नव्हतं. एडम-कुडीवर आमची अख्खी बॅकलाइन फिरते हे खरंय. पण मग पोराला फ्रेंडली मॅच भरपूर द्या, थेट टूर्नामेंटला नको, एवढं तरी ऐका.

लेफ्टइन_सोलापूर:
काल मीटिंग झाली. बाहेरचा कीपर रद्द, किट घ्यायचं ठरलं, पाऊस उघडला की पोराला सहा फ्रेंडली. अण्णा स्वतः आले होते, मला वाटलं वाईट वाटेल त्यांना, पण ते शिंप्याची टेप घेऊन आले आणि सगळ्यांसमोर पोराला खुर्चीवर बसवून माप घेतलं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत 42 सेंमी, बूट 8 नंबर. ह्या मापाचे पॅड आणि किकर कुणाकडे चांगल्या स्थितीत सेकंडहँड असतील तर कळवा, वाचलेल्या पैशात हेल्मेट नवं घेता येईल.