संकटात सरकार गोष्ट सांगतं तेव्हा ती सॉफ्ट पॉवर की नुसता प्रचार?

पाऊलखूण
बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. सॉफ्ट पॉवर हा शब्द अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये रूढ केला, सोपा अर्थ असा की धाक न दाखवता, पैसा न मोजता दुसऱ्याला आपल्या बाजूला ओढायचं. माझं म्हणणं एवढंच की युद्ध, साथ, हल्ला अशा वेळी हे ओढणं सगळ्यात जास्त जमतं, पण सांगणारा स्वतः त्या गोष्टीत उभा असेल तरच.

२५ फेब्रुवारी २०२२ ची रात्र आठवा. रशियन फौजा युक्रेनच्या राजधानीवर, कीववर चालून येतायत, तिथले राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की पळाले अशी आवई उठलेली, आणि हा माणूस आपल्या ऑफिसबाहेर उघड्यावर उभा राहून फोनवर स्वतःच शूट करतोय, मागे चार सहकारी. पक्षाचा नेता इथं आहे, पंतप्रधान इथं आहेत, राष्ट्राध्यक्ष इथं आहे... शाळेत हजेरी घेतात तसं एकेक करून. जेमतेम अर्धा मिनिट. ना टेबल ना माइक, आणि तरी त्यानंतर तो पळाला म्हणायची सोय कुणाला राहिली नाही. पुढे मार्चमध्ये ब्रिटिश खासदारांना त्याने शेक्सपिअरचा हॅम्लेट ऐकवला, अमेरिकन काँग्रेसला पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याची आठवण दिली, जर्मनांना बर्लिनच्या भिंतीची. ज्याची त्याची जखम ओळखून बोलला. ह्याला मी ताकद म्हणतो.

रातकिडा
साफ असहमत. जखम ओळखून बोलणं हेच तर जाहिरातवाले करतात. ऑक्टोबर १९९० मध्ये १५ वर्षांची एक कुवेती मुलगी अमेरिकन खासदारांच्या एका गटासमोर रडत सांगते की इराकी सैनिकांनी हॉस्पिटलमधल्या इन्क्युबेटरमधून बाळं काढून जमिनीवर टाकली, मी डोळ्यांनी पाहिलं. तिचं फक्त पहिलं नाव सांगितलेलं, नायरा. जानेवारीत युद्ध सुरू. १९९२ मध्ये कळलं की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी, आणि ते सगळं हिल अँड नोल्टन या पीआर म्हणजे जनसंपर्क कंपनीने जुळवून आणलेलं, ज्यांचा पैसा कुवेत सरकारकडून येत होता. आता मला सांगा, त्या दिवशी त्या खोलीत बसलेल्याला कसं कळावं की ही गोष्ट खरी का खोटी? तुमच्या निकषानुसार तीही गोष्टीत उभीच होती की.

पाऊलखूण
नव्हती उभी, उभी आहे असं दाखवलं होतं. आणि वाईट काय झालं बघा, कुवेतमध्ये अत्याचार खरोखर झाले होते, पण ह्या एका खोट्यामुळे खऱ्या साक्षीवरही लोक शंका घ्यायला लागले. मी ह्याला सॉफ्ट पॉवर म्हणणारच नाही.

रातकिडा
म्हणजे फसली की प्रचार आणि जमली की सॉफ्ट पॉवर? युक्रेनचंही घ्या ना, एकट्याने कितीतरी रशियन विमानं पाडणारा तो ‘कीवचं भूत’ पायलट, जगभर फिरला, आणि एप्रिल २०२२ च्या शेवटी त्यांच्याच हवाई दलाने सांगितलं की ही दंतकथा आहे. तोपर्यंत काम झालं होतं.

सायंतारा
मधेच बोलते. दोघंही युद्धातलीच उदाहरणं घेताय. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवर हल्ला झाला, ५१ माणसं गेली. तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न दुसऱ्याच दिवशी डोक्यावर काळी ओढणी घेऊन तिथल्या मुस्लिम समाजात जाऊन बसल्या. काचेपलीकडून टिपलेला तो चेहरा सगळ्यांनी पाहिलाय, काचेत फुलांचं प्रतिबिंब. एका बाईला मिठी मारतानाचा त्यांचा फोटो दुबईच्या बुर्ज खलिफावर झळकला. पण मला त्या फोटोपेक्षा १० एप्रिल जास्त लक्षात आहे, त्या दिवशी बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी घालणारा कायदा ११९ विरुद्ध १ मतांनी पास झाला. चार आठवडे पण झाले नव्हते. फोटोमागून कायदा आला नसता तर मी तो फोटो केव्हाच विसरले असते. त्यामुळे पाऊलखूण, नुसतं उभं राहून भागत नाही असं मला वाटतं.

रातकिडा
हे मला पटतंय, आणि म्हणूनच ह्याचा धोका पण मोठा आहे. गोष्ट सांगितली की शब्द दिल्यासारखं होतं. भारताने जानेवारी २०२१ मध्ये व्हॅक्सिन मैत्री, म्हणजे इतर देशांना कोविडची लस पाठवणं, सुरू केलं, ब्राझीलचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी संजीवनी नेणाऱ्या हनुमानाचं चित्र टाकून आभार मानले, त्याहून सुंदर गोष्ट कुठल्या सरकारला मिळणार! दोनतीन महिन्यांत दुसरी लाट आली, निर्यात थांबली. आपल्या लोकांना आधी लस देणं बरोबरच होतं, मी त्याला चूक म्हणत नाही, पण कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेच्या भरवशावर बसलेल्या गरीब देशांनी दुसऱ्या डोसची वाट बघितली ना. चीनने २०२० मध्ये युरोपला गाजावाजा करून मास्क पाठवले, त्याच मार्चमध्ये नेदरलँड्सने चीनमधून आलेले सुमारे ६ लाख मास्क निकृष्ट म्हणून आपल्या हॉस्पिटलांमधून परत मागवले.

पाऊलखूण
मान्य. माझ्या वाक्यात बदल करतो. उभं राहणं ही सुरुवात, पुढे निभावणं पण पाहिजे. तरी त्या रात्रीच्या व्हिडिओला मी जाहिरात म्हणणार नाही, जीव जाऊ शकत होता.

तिरपी_रेघ
उशिरा वाचलं. तुम्ही सगळे सांगणाऱ्याकडे बघताय, ऐकणाऱ्याकडे कुणी बघतच नाही. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाविरोधी ठरावाला १४१ मतं पडली, विरोधात ५, आणि ३५ तटस्थ, त्यात भारत, चीन, दक्षिण आफ्रिका. गोष्ट तीच, पण कान वेगळे. इस्रायली खासदारांपुढे झेलेन्स्कींनी होलोकॉस्टशी, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराशी, तुलना केली तर तिथले कित्येक नेते चिडले, म्हणजे दुसऱ्याची जखम उसनी घेतली की ती उलटते पण.

आणि मला सगळ्यात जास्त बोचतं ते सुदान. एप्रिल २०२३ पासून युद्ध, १ कोटीहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं. दोन्हीकडे बंदूकवाले जनरल, त्यांच्या तोंडून कोण ऐकणार? शेजारपाजारची पोरं मिळून इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स नावाचे मदतगट चालवतायत, सामुदायिक स्वयंपाकघरात मोठाल्या पातेल्यांतून लोकांना जेवायला घालतायत, त्यात त्यांच्यातले कितीतरी मारले गेले. पाऊलखूण, उभं राहणं आणि निभावणं, तुमच्या दोन्ही अटी ही पोरं रोज पुरी करतात. त्यांच्यामागे सरकार नाही म्हणून त्यांची गोष्ट कुठल्या संसदेत पोचत नाही.

पाऊलखूण
ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्हाला माहिती असेल तर अजून लिहा त्यांच्याबद्दल, इथंच.