मदत हवी आहे: जुन्या घराच्या मुख्य दाराला कोणता रंग द्यावा?
नमस्कार मंडळी. आमचं घर दादरला, इमारत १९५८ सालची. सपाट गच्ची, जिन्याला सिमेंटची जाळी, आत मोझॅकची फरशी. मुख्य दार सागवानी, मधे अरुंद उभी काच, आणि त्यावर वर्षानुवर्षं चढलेले ऑइल पेंटचे थर. मागच्या आठवड्यात कडीजवळ पॉलिश पेपर मारून पाहिला, तर चॉकलेटी रंगाखाली हिरवा, त्याखाली चक्क मोरपंखी निघाला. सासूबाई हात लावून म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा दार ह्याच रंगाचं होतं." तेव्हापासून मोरपंखी डोक्यातून जात नाही.

अडचण अशी की जिन्यात उजेड फक्त जाळीतून येतो. गडद मोरपंखी तिथे काळपट दिसेल का? ह्यांना हळदी पिवळा हवाय. त्या काळच्या आधुनिक वास्तूंना ठसठशीत रंग शोभतात हे खरं, चंडीगडच्या हायकोर्टाचे रंगीत खांब पाहिले की पटतं. पण पिवळ्यावर हाताचे डाग फार दिसतात. रंगारी म्हणतो, सगळं खरवडून सागाला पॉलिश करा. पण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं आणि घरात दीड वर्षाची नात आहे, त्यामुळे ती धूळ मला नकोच.

अंधाऱ्या जिन्यात गडद दार कुणी रंगवलंय का? चकचकीत घ्यावा की सॅटिन? पावसात दार फुगतं, रंगही लवकर वाळत नाही, म्हणून मे महिन्यातच काम उरकायचंय. फोटो असतील तर जरूर टाका.