अनुभव धागा: रस्ता एकच, सायकल आणि गाडी दोन्ही

सायकल आणि वाहतुकीचे नियम हा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. "सायकलवाले सिग्नल पाळतात कुठे?" आणि "गाडीवाल्यांना आम्ही दिसतो कुठे?" त्यापुढे चर्चा सरकत नाही, म्हणून हा धागा. मतं मांडाच, पण आधी प्रसंग सांगा. कुठला नियम मोडला किंवा पाळला गेला, आणि त्यानंतर तुमच्या चालवण्यात काय बदललं?

मी सायकल चालवतो, कारही चालवतो. सायकलवर सर्वांत जास्त धास्ती वाटते ती मागून येऊन खेटून जाणाऱ्या वाहनाची. धक्का लागत नाही, पण हवेच्या झोताने हँडल हलतं, आणि नेमका तेव्हाच खड्डा आला तर चुकवायला जागा उरत नाही. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओलांडताना वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर सोडणं बंधनकारक आहे. कारमध्ये असताना मी हाच हिशेब धरतो. तेवढी जागा नसेल तर सायकलच्या मागेच राहतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

स्टिअरिंग
मी ट्रक चालवतो. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतल्या बाजूने कापत येतात. मी सिग्नलला वळायला उभा असतो, इंडिकेटर चालू असतो, आणि आतल्या मोकळ्या जागेतून सायकल पुढे सरकते. केबिनच्या कोपऱ्याशी थांबली तर ती आरशात दिसत नाही आणि काचेतूनही दिसत नाही. सायकलवाला दर वेळी नियम मोडत असतो असंही नाही, काही ठिकाणी सायकलची पट्टीच तिथून आखलेली असते.
एकदा हिरवा दिवा लागला, मी गाडी सोडणार एवढ्यात फुटपाथवरच्या एका बाईंनी दोन्ही हात वर करून थांबवलं. पुढच्या चाकाशी शाळेचा पोरगा होता. त्याच्या मते तो रांगेत शहाण्यासारखा उभा होता, आणि खरंच होता. तेव्हापासून वळण्याआधी मी सीटवरून उठून, पुढे वाकून बघतो. सायकलवाल्यांना कळकळीने सांगतो, एक तर ट्रकच्या मागे थांबा, नाहीतर इतके पुढे या की समोरच्या काचेतून तुम्ही अख्खे दिसाल.

दोनचाकी
स्टिअरिंगदादा, हे दुसऱ्या बाजूने कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. आभार.
माझा अनुभव दाराचा. उभ्या कारचं दार अचानक उघडलं, मी त्यावर आदळले आणि रस्त्याच्या मधोमध पडले. मागून गाडी येत नव्हती म्हणून आज लिहिते आहे. आता मी उभ्या गाड्यांपासून दाराच्या रुंदीएवढी लांब चालवते. त्यावर रोज कोणीतरी काच खाली करून "कडेने चालव" म्हणतं. मी मुद्दाम वाट अडवते असं त्यांना वाटतं. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२ पासून गाडीचं दार जवळच्या नव्हे, दारापासून लांब असलेल्या हाताने उघडायला सांगितलं आहे. तसं केलं की अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. घरातल्या सगळ्यांना मी ही सवय लावली.

पायपीट
मी दोन्ही चालवत नाही, चालतो. गाडीची चाहूल लागते, सायकलची लागत नाही. लाल दिव्याला गाड्या थांबल्या म्हणून मी पट्ट्यांवर उतरतो आणि दोन गाड्यांच्या मधून सायकल सुसाट येते. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला पडणंच पुरेसं असतं. सायकलवाल्यांनी हे मनावर घ्यावं.

रानवाट
काका, पट्ट्यांवर माणूस असताना सायकलने थांबलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १९८२ पासून सायकलस्वाराला 'थांबा' पाटीशी वेग कमी करून, वाट मोकळी असेल तर पुढे जाता येतं. ज्याचा हक्क आहे त्याला आधी जाऊ द्यावंच लागतं. बाराशे किलोची कार ताशी ५० किमीने आणि स्वारासह नव्वद किलोची सायकल २० किमीने जात असेल, तर कारची गतिज ऊर्जा ऐंशी पटींहून जास्त भरते. दोघांना एकच मोजमाप का?

पायपीट
कायदा बदलून तसं केलं तर मी मानेन. ज्याने त्याने मनाने ठरवलं तर नाही. समोरचा काय करणार हे मला आधी कळायला हवं.

उजेड
उलट दिशेने येणाऱ्या सायकलींबद्दल. माझी गाडी ४० ला, सायकल १५ ला. एकाच दिशेला असलो तर आमच्यातलं अंतर ताशी २५ किमीने कमी होतं, समोरासमोर ५५ ने. रात्री, तेही दिवा नसताना, फार थोडा वेळ मिळतो. शिवाय गल्लीतून बाहेर पडणारा चालक वाहनं येतात त्या बाजूलाच आधी बघतो.

धीराचा
माझ्या वाटेवरचा एक सिग्नल सायकलसाठी हिरवाच होत नसे. रस्त्याखाली तारेचं वेटोळं असतं, वर धातू आला की त्याला वाहन कळतं. सायकलचा धातू कमी पडायचा. मागे कार येईपर्यंत थांबायचं किंवा लाल दिवा तोडायचा. मी लेखी तक्रार केली, पाठपुरावा केला. शेवटी संवेदनक्षमता वाढवली, आणि चाकं कुठे ठेवायची त्याची खूण रस्त्यावर रंगवली. वेटोळ्याच्या कडेच्या तारेवर चाकं ठेवली तर सायकल लवकर ओळखली जाते. तुमच्याकडेही असा सिग्नल असेल तर डांबरातली कापलेली रेघ शोधा, तिच्यावर उभं राहून बघा, आणि तरीही दिवा बदलला नाही तर चौकाचं नाव घालून लेखी कळवा.