पायांची डॉक्टरकी: पोरीला करू द्यावी का?

अनघा, सोलापूर
मुलीची बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झाली, इंटर्नशिप संपत आलीय. तिला पुढे पोडिएट्री करायचीय. म्हणजे फक्त पावलांचं काम: कुरूप, आत वाढलेलं नख, मधुमेहींच्या जखमा. ह्यांचं म्हणणं, "एवढं शिकून लोकांची नखं कापणार?" मी तिच्या बाजूने आहे. सासऱ्यांना पंचवीस वर्षं शुगर. एका संध्याकाळी त्यांची चप्पल उचलायला गेले तर तळातून खिळा वर आलेला आणि भोवती रक्त सुकलेलं. तीच घालून ते दिवसभर बाजारात फिरले, त्यांना पत्ताच नाही. तीन महिन्यांनी अंगठा काढावा लागला. पाय कितीतरी आधीपासून बधिर होत होता, पण कुणी कधी तपासलाच नाही. तुम्हाला काय वाटतं?

विनायक के.
ताई, तुमचं दुःख कळतं, पण त्यावरून पोरीचं आयुष्य ठरवू नका. आपल्याकडे पोडिएट्रीला बीपीटीसारखी रुळलेली वाट नाही. छोटे कोर्स, फेलोशिप, एवढंच. जिल्ह्याच्या गावी या पदाची जाहिरात कधी पाहिलीत? जखम चिघळली की लोक सर्जनकडे जातात, कुरूप झालं की मेडिकलमधून कॉर्न कॅप आणतात. नखासाठी पाचशे रुपये कोण मोजणार? एमपीटी (फिजिओथेरपीची पुढची पदवी) करू द्या, हातात पोट भरायचं साधन राहील.

सिस्टर मंगल
विनायकदादा, त्या कॉर्न कॅपचंच सांगते. तिच्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं. बधिर पायावर लावली की कुरुपाबरोबर चांगली कातडीही जाते, आणि आग होत नाही म्हणून माणूस पट्टी काढतच नाही. अशा जखमा मी एकवीस वर्षं धुतेय. पाय बधिर झालाय का याची तपासणी किती साधी आहे बघा. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणजे दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा. पेशंटने डोळे मिटायचे, धागा वाकेपर्यंत तळव्याला टेकवायचा, त्याने "लागलं" म्हणायचं. दोन-तीन मिनिटं. पण ओपीडीच्या गर्दीत चप्पल काढायला सांगायलाही कुणाला सवड नसते. "चालताना चप्पल निसटते, कळतच नाही" असं पेशंट आपणहून सांगतो आणि ते औषधाच्या चिठ्ठीत कुठेच येत नाही. आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालात देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. त्यांचे पाय बघायला माणूस नको?

निशिगंधा, बर्मिंगहॅम
मी इथे हेच काम करते. पदवी तीन वर्षांची. एचसीपीसी या इथल्या नियामक संस्थेकडे नोंदणी नसताना स्वतःला पोडिएट्रिस्ट म्हणवणं इथे गुन्हा आहे. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, सुरुवात बँड ५ या पगारश्रेणीपासून. हातात स्काल्पेल असतो, घट्टे सोलायचे, मेलेली कातडी काढायची, पायातला रक्तप्रवाह डॉपलर नावाच्या यंत्राने ऐकायचा. मला हे काम मनापासून आवडतं. तरी अनघाताई, परदेशी विद्यार्थ्यांची फी फार जड आहे. कर्ज काढून पाठवा आणि मग गावात क्लिनिक टाकू द्या, असं मी तरी सांगणार नाही. अमेरिकेत तर पदवीनंतर चार वर्षं डीपीएम (पोडिएट्रीची डॉक्टरकी), वर तीन वर्षं रेसिडेन्सी.

विनायक के.
कॉर्न कॅपचं मला माहीत नव्हतं, मंगलताई. आईच्या कपाटातली आजच फेकतो. पण गरज आहे म्हणून नोकरी आहे असं होत नाही. पगार कोण देणार, ते कुणीच सांगत नाहीये.

सिस्टर मंगल
अलाइड हेल्थच्या (फिजिओ, टेक्निशियन वगैरे आरोग्यसेवकांच्या) २०२१ च्या केंद्रीय कायद्यात पोडिएट्रिस्टचं नाव आलंय, दादा. पदं निघायला वेळ लागेल, हे मान्य. तोवर शहरांतल्या डायबेटिक फूट क्लिनिकमध्ये फिजिओ घेतात. ऑफलोडिंग (जखमेवरचा भार कमी करणं), एमसीआरच्या म्हणजे मऊ रबराच्या चपला, चाल तपासणं, हे त्यांचंच काम.

अनघा, सोलापूर
रात्री मुलीने आजोबांचा दुसरा पाय तपासला. दहा जागी धागा टेकवला, "लागलं" तीनदाच आलं. हे शेजारीच उभे होते, काही बोलले नाहीत. सकाळी म्हणाले, सहा महिने पुण्यात एखाद्या फूट क्लिनिकमध्ये काम करून बघ. परदेशाच्या कर्जाला मात्र नाहीच म्हणालेत.

विनायक के.
हे पटलं. फक्त त्या क्लिनिकने पगार किती दिला, तेही इथे लिहा.