मदत हवी आहे: बाबांना गवताच्या धावपट्टीवर उतरायचंय (पापा वेस्ट्रे, ऑर्कनी)

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये मी आणि बाबा नाशिकहून ॲबर्डीनला ताईकडे चाललोय. बाबा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर होते. चौतीस वर्षं मिग लढाऊ विमानांवर हात काळे केले, पण स्वतः विमानात बसले ते आयुष्यात दोनदा. आता त्यांनी एकच मागणं मागितलंय: गवतावर उतरायचं.

ठिकाणही त्यांनीच शोधलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनीमधलं पापा वेस्ट्रे बेट, वस्ती शंभराच्या आत. शेजारच्या वेस्ट्रेहून तिथे जाणारी लोगनएअरची फेरी ही जगातली सगळ्यात छोटी नियमित विमानफेरी. अंतर २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा. १९६७ पासून चालू आहे. विमान ब्रिटन-नॉर्मन आयलंडर, आठ प्रवाशांचं.

अडचण अशी, की तिथली मुख्य पट्टी आता खडी दाबून केलेली आहे. गवताच्या पट्ट्या तिला छेदून जातात. इतकं हलकं विमान आडव्या वाऱ्यात उतरवणं अवघड, म्हणून वारा पाहून पट्टी निवडायची, हे बाबांनी मला परवा जेवताना ताटाशेजारी तीन चमचे एकमेकांवर आडवे ठेवून समजावलं. पाऊस झाला की ओल्या गवतावर चाक पळायला जड जातं आणि ब्रेक मारला की घसरतं. म्हणजे वारा हवा तसा असला तरी गवत कोरडं हवं.

तिकडे कुणी गेलं असेल तर सांगा, तुम्ही कुठल्या पट्टीवर उतरलात? कर्कवॉलहून (ऑर्कनीचं मुख्य शहर) सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्यापेक्षा बेटावर दोन-तीन रात्री राहावं का? नॅप ऑफ हाउअर हे पाच हजार वर्षांहून जुनं दगडी घर तिथेच आहे, त्यामुळे दिवस वाया जाणार नाहीत. पण धुक्यामुळे विमान रद्द झालं तर वेस्ट्रेची बोट धरता येते का?

दुसरं, बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आयलंडरमध्ये मधून चालायला जागा नसते, दारातून थेट बाकावर चढायचं. ती पायरी किती उंच असते? सिटी बसची पायरी ते दांडा धरून चढतात.

आणि गवतावर उतरवा अशी विनंती पायलटला केली तर चालते का? बाबा म्हणतात, विचारूच नकोस, पट्टी ठरवणं पायलटचं काम. मला मात्र एकदा विचारून पाहावंसं वाटतंय. तिकिटं या रविवारपर्यंत काढायची आहेत.